पंधरा तारीख

टोरांटोच्या ऑस्गुड हॉल लॉ स्कूलमध्ये प्रवेश घेतला तेव्हा पुण्यात शिवाजीनगर कोर्टात चार वर्षं वकिली करून मी तिथं गेले होते. तिथले विद्यार्थी खऱ्या पक्षकारांची कामं हाताळतात हे कळल्यावर मला रागच आला. पैसेवाल्याला वकील आणि गरिबाला विद्यार्थी, हा कुठला न्याय?

रागाला कारण होतं. माझ्या पुण्यातल्या कॉलेजात विधी सहाय्य केंद्र होतं. वर्षातून एकदा गावात शिबिर, मागे बॅनर, वहीत सह्या, संध्याकाळी परत. सातबाऱ्याचा कागद घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी 'बघते' म्हणाले होते. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. ऑस्गुडमध्येही असंच चालत असणार, असं मी धरून चालले.

ऑस्गुडशी जोडलेलं पार्कडेलचं क्लिनिक १९७१ सालचं. कॉलेज शहराच्या उत्तरेला यॉर्क विद्यापीठाच्या आवारात आणि क्लिनिक पार दक्षिणेला, भाडेकरूंच्या वस्तीत. विद्यार्थी अख्खं सत्र तिथंच काम करतात. मी घरभाड्याच्या विभागात नाव दिलं, पण मन साशंकच होतं.

लॉ जर्नलबद्दलचं माझं मत तर याहून वाईट होतं. ऑस्गुडचं जर्नल १९५८ पासून निघतं आणि विद्यार्थी त्याच्या संपादनात असतात. प्राध्यापकांच्या लेखातली एकेक तळटीप मूळ निकाल उघडून ताडायची, पान नंबर तपासायचा, हे त्यांचं काम. बे स्ट्रीटवरच्या बड्या फर्मच्या मुलाखतीसाठी बायोडेटात एक ओळ वाढते, यापलीकडे मला त्यात काही दिसत नव्हतं. क्लिनिकमध्ये माझ्या जोडीला आली ती नेमकी जर्नलवरची मुलगी. वय चोवीस, कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही.

आमच्याकडे एक वयस्क तिबेटी बाई आल्या. (पार्कडेलमध्ये तिबेटी कुटुंबं बरीच आहेत. ओळख पटेल असं काही मी इथं लिहीत नाही.) हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात भाड्याच्या पावत्या आणि घर सोडण्याची नोटीस. नमुना एन-१२, म्हणजे घरमालकाला स्वतः राहायला जागा हवी आहे. मी नोटीस उलटसुलट पाहिली. साठ दिवसांची मुदत भरत होती, सही होती. पाच मिनिटांत मी ठरवून टाकलं की आता फक्त मुदत वाढवून मागायची.

ती मुलगी मात्र ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. मग तिनं दुभाष्यामार्फत विचारलं, "भाडं कधी देता?"

"एक तारखेला."

तिनं पिशवीतल्या सगळ्या पावत्या टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर एक तारीख. मग नोटीस माझ्याकडे सरकवली. "घर सोडायची तारीख बघ."

पंधरा होती. ओंटारिओच्या २००६ च्या भाडेकरू कायद्यानुसार अशी नोटीस भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी संपावी लागते. या नोटिशीवर घर खाली करण्याचा आदेश मिळण्यासारखा नव्हता. चार वर्षं वकिली केलेल्या मला ते दिसलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. पुण्यात माझ्या टेबलावरून किती नोटिसा अशाच पाच मिनिटांत गेल्या असतील? एका पक्षकाराला मी तीन तास कधीच दिले नव्हते. देणं परवडतच नव्हतं. क्लिनिकमध्ये विद्यार्थ्याला ते परवडतं, आणि त्याच्या मागे वकील उभा असतो. आमच्या उत्तराचा खर्डा पर्यवेक्षक वकिलांनी तीनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा एका वाक्यासाठी.

एक दोष मी आजही मानते. सत्र चार महिन्यांत संपतं, प्रकरण संपत नाही. सुनावणीची तारीख आमच्यानंतरची लागली. वकील तेच राहणार होते, पण रोजचं काम बघणारे विद्यार्थी बदलणार होते. हे सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्या जोडीदारणीकडे बोट करून विचारलं, "नवीन येईल तोही हिच्यासारखं वाचेल ना?"

शेवटच्या दिवशी, पुढच्या विद्यार्थ्यासाठी टिपण लिहिण्याचं काम मी स्वतःकडे मागून घेतलं. सगळ्या पावत्या पुन्हा मोजल्या आणि वर पहिल्याच ओळीत लिहिलं: भाडं एक तारखेला, पावत्या बावीस, नोटिशीत तारीख पंधरा.