पुढच्या वायरमनसाठी एक कागद

कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीचा एक नकाशा असतो. कोणती तार कुठून निघाली, तिचा रंग कोणता, जाडी किती, तिच्यावर किती अँपिअरचा फ्यूज आहे, हे सगळं त्यात असतं. मॉडिफाय केलेल्या गाडीचा नकाशा मात्र कुणाजवळच नसतो. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसरीचा आणि रेडिएटरचा पंखा भंगारात निघालेल्या तिसरीचा. ज्या वायरमननं जी तार जोडली, ती त्याच्या डोक्यात राहते. तो गाव सोडून गेला किंवा दुकान बंद पडलं की गाडी मालकालाही परकी होते. मग दुसरा वायरमन येतो. जुनं काय आहे हे शोधत बसण्यापेक्षा तो वरून नवी तार ओढतो. तिसरा येतो, तोही तेच करतो. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांचं बॉनेट उघडून पाहा. चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारांचा तो गुंता म्हणजे चार-पाच माणसांनी एकमेकांना न विचारता केलेलं काम असतं.

कराडला माझ्या मामूंचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. शेजारी रेडिएटरवाला, पलीकडे सीट शिवणारा, समोर डेंटिंग-पेंटिंगवाला. जुम्याला दुपारी तासभर अर्धी गल्ली बंद असते. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात मुस्लीम कामगारांमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण जास्त असल्याची नोंद आहे, आणि गाड्यांची दुरुस्ती हे त्यातलं एक क्षेत्र. अहवालात आकडे येतात. या गल्लीतल्या माणसांना नेमकं काय येतं, हे कुठल्या तक्त्यात बसत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सुट्टीत मामूंकडे जाऊन बसायची सवय लहानपणापासूनची. मे महिन्यात मी तिथे होतो तेव्हा एक जीप आली. मालक पाटण तालुक्यातले शेतकरी. जीपचं मूळ इंजिन जाऊन त्या जागी दुसरं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. इंजिन बदलल्याची आरटीओची परवानगी आणि आरसी बुकातली नोंद आहे का, हे मामूंनी आधी विचारलं. होती. त्यांची तक्रार एवढीच होती की रेडिएटरच्या पंख्याचा स्विच सारखा वितळतो. वर्षभरातला हा तिसरा.

“चाचा, फक्त स्विच बदलून द्या. बाकी सगळं चालतंय,” ते म्हणाले.

मामूंनी डॅशबोर्डखाली हात घातला, एक तार दोन बोटांत धरली आणि पंखा चालू करायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी बोटं काढली. “स्विच बिघडलेला नाही. तो बिचारा मरतोय.”

या जीपला विजेचा पंखा का लागला, ते आधी सांगतो. जुन्या जीपमध्ये पंखा इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असतो आणि पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन सावकाश तर पंखाही सावकाश. गाडी सपाट रस्त्यावर पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पंख्याची फारशी गरज नसते. खरी परीक्षा असते ती घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये, जिथे वारा नसतो आणि इंजिन तापतं. मारुती ८००सारख्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्याचं तोंड रेडिएटरकडे नसतंच, म्हणून तिथे पंखा विजेवर चालतो, इंजिनाच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. या जीपचं नवं इंजिन मूळ इंजिनापेक्षा लांब निघालं. ते आणि रेडिएटर यांच्यामध्ये पट्ट्याच्या पंख्याला जागाच उरली नाही. मग कुणीतरी भंगारातून एका मोटारीचा विजेचा पंखा आणून बसवला. कल्पना चांगली होती, फक्त तार चुकली होती.

बॅटरीतून निघालेली एक बारीक तार डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे पंख्यापर्यंत, अशी साधारण पाच मीटरची वाट होती. मामूंनी क्लॅम्प मीटर लावला. पंखा १४ अँपिअर घेत होता आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तार होती एक एमएमची. मी कागदावर ओहमचा नियम मांडला. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०९ ओहम. त्यातून १४ अँपिअर गेले तर सव्वा व्होल्ट तारेतच संपतात आणि सतरा-अठरा वॉट उष्णता तयार होते. ही उष्णता पाच मीटरभर सारखी पसरली तर एकवेळ निभावून जाईल. पण जिथे जोड ढिला असतो आणि स्विचची टोकं झिजलेली असतात, तिथे रोध वाढतो आणि उष्णता नेमकी तिथेच साठते. म्हणून आधी स्विच वितळतो. त्यावर मोठा स्विच बसवला तर पुढची पाळी तारेची.

मामूंनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, “हेच मी बोटाला विचारलं.”

त्यांनी मालकाला स्पष्ट सांगितलं, स्विच बदलून देणार नाही. करायचं तर सगळं करीन, खर्च अडीच हजाराच्या आसपास येईल. मालक चिडले. स्विच शंभर रुपयांना मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. मामूंनी विचारलं, “गाडी कुठे जाते?” चिपळूणला, मालक म्हणाले. मुलगी तिकडे दिलेली, महिन्यातून दोन खेपा होतात, कुंभार्ली घाटातून. सोबत कोण असतं? बायको, नातवंडं. मामू पुढे काही बोलले नाहीत. मालकांनी चहा घेतला आणि चावी टेबलावर ठेवली.

पुढचे पाच-सहा तास मी त्यांचं काम पाहत बसलो. विजेच्या पंख्याच्या वायरिंगचं सगळं मर्म एका डबीत असतं, काडेपेटीपेक्षाही लहान. ती म्हणजे रिले. तिच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हे आकडे जर्मन मानकातले. मामूंना जर्मन सोडाच, इंग्रजीही बेताचंच येतं, पण तीसमध्ये बॅटरी, सत्त्याऐंशीतून पंखा, हे त्यांना नमाजाच्या रकातींसारखं पाठ आहे. पंच्याऐंशी आणि शहाऐंशीच्या मध्ये एक बारीक गुंडाळी असते. ती फक्त ०.१५ अँपिअरच्या आसपास वीज घेते, तेवढ्यात चुंबक होते आणि आतला जाड संपर्क ओढून घेते. म्हणजे हुकूम देणारी तार वेगळी आणि ओझं वाहणारी तार वेगळी. डॅशबोर्डवरच्या स्विचनं फक्त हुकूम द्यायचा. चौदा अँपिअर त्याच्या वाटेला येताच कामा नयेत.

ओझं वाहणारी वाट मामूंनी दीड मीटरवर आणली. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून पंखा, सगळी तार चार एमएमची. पंख्याची अर्थची तारही तेवढीच जाड. बॉडीला जोडण्याआधी तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला, कारण परतीची वाट अरुंद असेल तर जाण्याची वाट रुंद करून काय उपयोग? जोड पिळून टेप लावलेला एकही नाही. सगळीकडे दाबून बसवलेले थिंबल आणि वरून स्लीव्ह.

फ्यूज २५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. लोकांना वाटतं, फ्यूज पंख्याला वाचवतो. तो वाचवतो तारेला. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार कायम बेवारस असते. पत्र्याला घासून तिचं कातडं निघालं तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतायला तयार असते आणि मध्ये अडवणारं कुणीच नसतं. म्हणून ती बेवारस तार जितकी आखूड, तितकं बरं. जिथे तार पत्र्यातून आरपार जाते तिथे मामूंनी रबराचं कडं बसवलं.

रिलेच्या गुंडाळीला एका बाजूनं चावीतून वीज दिली, पाच अँपिअरच्या फ्यूजमधून. दुसरी बाजू रेडिएटरवरच्या थर्मो स्विचकडे गेली. पाणी ९२ अंशांवर गेलं की हा स्विच जुळतो आणि पंखा सुरू होतो, ८७ला उतरलं की सुटतो. मधले पाच अंश मुद्दाम ठेवलेले असतात, नाहीतर पंखा सारखा चालू-बंद होत राहील. थर्मो स्विचच्या जोडीला डॅशबोर्डवरचा स्विचही लावला. घाट सुरू व्हायच्या आधीच पंखा लावायचा असेल तर ड्रायव्हरच्या हातात काहीतरी असावं, आणि थर्मो स्विच मेला तरी गाडी घरी यावी.

शेवटी सत्त्याऐंशीवरून एक बारीक तार डॅशबोर्डवर आणून छोटा दिवा लावला. तो पेटला म्हणजे पंख्याकडे वीज निघाली. तार बारीक म्हणून तिच्या सुरुवातीला दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज. मी म्हटलं, एका दिव्यासाठी? मामू म्हणाले, “पंचवीसच्या फ्यूजखाली एवढीशी तार ठेवली तर आधी तार जळेल, फ्यूज बघत बसेल.”

रिले रेडिएटरच्या गरमीपासून लांब, आडोशाला बसवला. पाय खाली केलेले, म्हणजे कुंभार्लीच्या पावसात पाणी साचणार नाही. पंखा सुरू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा धरला. तो जाळीला चिकटला. पंखा हवा आत ओढतोय. पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो आणि समोरच्या वाऱ्याशीच भांडत बसतो.

मला वाटलं, झालं. मामूंनी मुलाकडून एक कोरा कागद मागितला. त्यावर बॅटरी, दोन फ्यूज, रिलेचे चार पाय, थर्मो स्विच, डॅशबोर्डचा स्विच, दिवा आणि त्याचा फ्यूज, असं सगळं काढलं. प्रत्येक तारेवर रंग, प्रत्येक फ्यूजवर आकडा. शब्द जवळजवळ नाहीतच. मग तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि मालकाला जागा दाखवली.

माझा मामेभाऊ आयटीआय करून आता त्यांच्याच हाताखाली आहे. जीप गेल्यावर तो म्हणाला, “अब्बा, ये कागद दिया तो गिऱ्हाईक वापस कायकू आयेगा?”

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. या धंद्यात कमाई थोडी आहे. नव्या गाड्यांची दुरुस्ती आता संगणक लावून कंपनीच्या वर्कशॉपात होते, या गल्लीत येतात त्या जुन्या आणि जोडतोड केलेल्या गाड्या. अशा वेळी आपल्याशिवाय कुणाला कळणार नाही असं वायरिंग करणं हा पोट राखण्याचा एक मार्ग असतो. पुष्कळजण तो पत्करतात, आणि त्यांना नावं ठेवणं मला सोपं वाटत नाही.

मामू हात पुसत होते. “आना नै आना उसकी मर्जी. घाट में रात को गाडी बंद पडी तो मैं थोडीच जानेवाला हूं? जो वहां रहेगा, वो खोलेगा.”

मला ते वाक्य बरेच दिवस पुरलं. आपण अमानत हा शब्द बहुतेक वेळा पैशांसाठी वापरतो. कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली रक्कम, जशीच्या तशी परत करायची. पण बॉनेटखाली झाकलेलं काम हीसुद्धा अमानत असते. गिऱ्हाईक ते तपासू शकत नाही. तार एक एमएमची आहे की चारची, हे त्याला टेपखाली दिसत नाही. तो फक्त चावी देऊन जातो. झाकलेलं काम नीट करणं हा त्यातला अर्धा भाग झाला. ते काम आपण नसताना दुसऱ्याला उलगडावं, एवढी सोय ठेवणं हा उरलेला अर्धा. आपण ज्या संस्था, मदरसे, पतपेढ्या, जमाती चालवतो, तिथेही कितीतरी कामं एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तो माणूस उठला की मागे राहिलेले चाचपडत बसतात. हुनर आपल्याकडे पुष्कळ आहे, कागद फार कमी.

ऑगस्टमध्ये जीपच्या मालकांचा मामूंना फोन आला. चिपळूणहून परत निघताना इंजिनाचा काटा वर गेला, पण दिवा पेटला नाही. घाट चढायच्या आधीच ते थांबले. तिथल्या वायरमननं कागद काढून पाहिला, फ्यूज तपासला, रिले बदलला, पंधरा मिनिटांत गाडी सुटली. रिलेत पाणी गेलं होतं की तो मुळातच कच्चा होता, ते कळलं नाही. मालक खूश होते. “चाचा, त्यानं तुमचं चित्र मोबाईलमध्ये काढून घेतलं,” म्हणाले.

मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “फ्यूज पंचवीसचाच ठेवला ना त्यानं?”