नाळेचा पतंग

संक्रांतीला आकाशाकडे पाहायचे ते पतंगांसाठी, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पण २०२५ ची संक्रांत प्रयागराजला गेली आणि तिथे जो पतंग पाहिला, त्याची जातच निराळी होती.

१४ जानेवारीला महाकुंभातले पहिले अमृत स्नान होते. शहात्तर वर्षांच्या मावशीच्या हट्टापुढे माझ्या एम. ए. च्या पदवीचे काही चालले नाही. वाळवंटावर तंबूंचे अफाट शहर, पाण्यावर पिप्यांचे पूल, पलीकडे अकबराचा किल्ला. आणि या साऱ्याच्या डोक्यावर, एकाच जागी खिळल्यासारखे, एक यंत्र घोंघावत होते. त्याच्यापासून जमिनीपर्यंत बारीकशी तार आलेली.

"ही घार बांधून का रे ठेवली?" मावशीने विचारले.

खाली यंत्रापाशी एक तरुण बसला होता. माझ्या मोडक्या हिंदीला हसत त्याने सांगितले, की साधा ड्रोन बॅटरीवर फार तर अर्धा तास टिकतो. याला जमिनीवरून वीज मिळते, म्हणून हा तास न् तास वर राहतो. वीज काही शे व्होल्टच्या दाबाने पाठवायची. दाब जास्त म्हणजे प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणजे तार बारीक व हलकी. कारण जितके उंच जावे तितके तारेचे ओझेही यंत्रालाच उचलावे लागते. वर कॅमेरा, तार तुटलीच तर सुखरूप उतरण्यापुरती छोटी बॅटरी.

"म्हणजे नाळच की!" मावशी म्हणाली. मराठीचा प्राध्यापक मी, पण शब्द तिला सुचला.

आणि अर्ध्या तासात मावशी हरवली!

घाबराघुबरा होऊन मी त्या तरुणाकडे धावलो. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. ताटात तीळ सांडावेत तशी माणसे! "यात तुमची मावशी कोणती?" तो हळूच म्हणाला, "गर्दी कुठे दाटते ते यावरून कळते. माणूस शोधायला खालीच जावे लागेल."

मावशी सापडली ती भुल्या-भटक्यांच्या छावणीत. हे काम राजाराम तिवारी यांनी १९४६ साली सुरू केले. चार हरवलेल्या बायकांना ती तिळगूळ वाटीत बसली होती. मला पाहताच म्हणाली, "कुठे हरवला होतास?"

आम्ही घरी परतलो. २९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमावर चेंगराचेंगरी झाली. किमान तीस माणसे गेल्याचे त्या दिवशी सरकारने सांगितले. वर्तमानपत्र वाचताना मला आपले नाशिक आठवले. ऑगस्ट २००३ मध्ये तिथल्या सिंहस्थात एकोणचाळीस जीव असेच गेले होते. तेव्हा आकाशात डोळा नव्हता. या वेळी होता.

मावशीचा चहा निवून गेला होता.

"त्या घारीला दिसलं असेल ना रे?"

"दिसलं असेल."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाळेच्या वरच्या टोकाला डोळे दिले, ते बरं केलं. पण हात खालच्या टोकालाच असतात, बाबा. ते वेळेवर पोहोचायला हवेत."