लोकेशन म्हणजे कुणाचं तरी घर

‘स्वदेस’मधलं चरणपूर पडद्यावर उत्तर प्रदेशात आहे. प्रत्यक्षात ते वाईजवळचं मेणवली. तिथला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहिला की फिल्म क्लबातल्या कुठल्याही पोराला तिथेच शूट करावंसं वाटतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही बारा मिनिटांची फिल्म करायला घेतली, वर्गणीचे ९,००० रुपये जमले आणि ग्रुपवर पहिला मेसेज पडला, “वाईला जाऊ.”

पण आमची गोष्ट होती एसटीतून रिटायर झालेल्या कंडक्टरची. तो वाड्यात कशाला राहील? मग शहरातलीच घरं बघायला लागलो.

डोळ्यांना आवडलेली जागा बऱ्याचदा कानांना नापास होते. घरात एक मिनिट गप्प उभं राहून मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड केला की कळतं: पाण्याचा पंप, शेजारचा कुकर, फ्रिजची घरघर. फ्रिज बंद करता येतो. तो परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही शूटिंगवाल्यांची जुनी युक्ती. मग ऊन. खिडकी पूर्वेला असेल तर सकाळचा सीन सकाळीच उरकायचा. मग वीज. हजार वॅटचे दोन लाइट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर. घरातला साधा प्लग असतो ६ अँपिअरचा.

एवढं करूनही जागा आपली होत नाही. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चा काशफुलांचा सीन अर्धा शूट केला आणि पुढच्या आठवड्यात परत गेले, तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकली होती. उरलेल्या अर्ध्या सीनसाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. जागेला आपल्या सिनेमाचं काही पडलेलं नसतं. तिचं तिचं आयुष्य चालू असतं.

आम्ही चार घरं पाहिली. एक ‘फार नवीन’, एक ‘फार चकाचक’. पाचवं घर माझं. कॅमेरा करणारा मित्र आत येताच म्हणाला, “परफेक्ट! एकदम लोअर मिडल क्लास.” आई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती.

पोरं येणार म्हणून तिने पलंगावर नवी चादर घातली होती. मित्राला जुनी हवी होती, आणि मागे ओल आलेली भिंत. आई शांतपणे म्हणाली, “का रे, तुमच्या कंडक्टरच्या बायकोला घर आवरता येत नाही का?”

कुणालाच उत्तर देता येईना. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या बायकोला एकही वाक्य नव्हतं, आणि आईला ती आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. शेवटी फ्रेममध्ये ओलीची भिंतही राहिली आणि तिच्यासमोर एकही सुरकुती नसलेली नवी चादरही. पैसे कमी आहेत आणि मान सांभाळायचा आहे, हे दोन्ही त्या एका शॉटमध्ये आलं. नुसत्या भिंतीतून फक्त गरिबी दिसली असती, तीही बाहेरून बघणाऱ्याला दिसते तशी.

तुम्ही सध्या घरं बघत फिरत असाल, तर ‘हे खरं दिसतंय का’ याच्या आधी तिथे राहणाऱ्या माणसाला एक विचारा: पाहुणे येणार असले की तुम्ही काय लपवता आणि काय पुढे मांडता? अर्धं कॅरेक्टर तिथेच सापडतं.

आणि ती किल्ली खरंच फ्रिजमध्ये ठेवा. पॅकअप झालं की आपण निघून जातो. नासतं ते त्यांचं दूध.