सत्तर मिनिटांचा थांबा

एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला किती वेळ पुरतो, याचं प्रत्येक विमानतळापाशी एक अधिकृत उत्तर असतं. त्याला ‘मिनिमम कनेक्टिंग टाइम’ म्हणतात. व्हिएन्नाचं उत्तर 25 मिनिटं, फ्रँकफुर्टचं 45. तिकीट विकणारी यंत्रणा तेवढंच बघते. दोन विमानांमधलं अंतर त्याहून कमी भरलं तर ती जोडी दाखवत नाही, तेवढं भरलं की बिनदिक्कत विकते. त्यातून एकूण प्रवास जितका कमी तासांचा, तितकं ते तिकीट यादीत वर. अमेरिकेतला मुलगा रात्री जेवणं आटोपून आईवडिलांची तिकिटं बघायला बसतो, तेव्हा 70 मिनिटांचे, 80 मिनिटांचे थांबे त्याच्यापुढं आधी येतात.

तो आकडा खोटा नाही. विमानतळ पाठ असलेला, खांद्यावर एक सॅक अडकवलेला, पाट्या झरझर वाचणारा माणूस 45 मिनिटांत खरोखर पोचतो. पण आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून दर उन्हाळ्यात जी मंडळी मुलांकडे जातात, ती अशी नसतात. कुणाच्या गुडघ्याची वाटी बदललेली असते, कुणाला सारखं बाथरूमला जावं लागतं, कुणाचं इन्शुलिन घड्याळाला बांधलेलं असतं. त्यांच्या चालीनं हा वेळ कुणी मोजलेलाच नाही. मला याचा राग येतो.

सत्तरातली हाताला किती लागतात ते बघा. तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागचं हलण्याची वेळ. गेट त्याआधी 15-20 मिनिटं बंद होतं. उरली पन्नास. पोचण्याची वेळ असते ती विमान उभं राहण्याची, आपण बाहेर पडण्याची नव्हे. चाळिसाव्या रांगेतल्या माणसाला दारापर्यंत यायलाच पाव तास जातो, आणि विमान लांब उभं करून बसनं आणलं तर आणखी. मग पुन्हा सुरक्षा तपासणी, कारण मुंबईत झालेली तपासणी युरोपातले विमानतळ धरत नाहीत. कमानीखालून जाताना गुडघ्यातला धातू वाजतो, बाईंना बाजूला घेतात, अंगावरून हात फिरवून बघतात, तोवर त्यांची पर्स पट्ट्याच्या त्या टोकाला एकटी पडलेली असते आणि त्यांचा सगळा जीव त्या पर्समधल्या पासपोर्टात.

हेही मुंबईहून विमान वेळेवर निघालं असेल तर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि पावसाळ्यात तर विमानं दार लावून रांगेत ताटकळतात. तिथं गेलेली वीस मिनिटं वाटेत भरून निघतीलच असं नाही.

व्हीलचेअर मागितली की काळजी मिटली, असं मुलांना वाटतं. व्हीलचेअरची सोय चांगलीच आहे, मागावीच. पण व्हीलचेअरवाल्यांना विमानातून बहुधा शेवटी उतरवतात. सगळं विमान रिकामं होईतो ही माणसं जागेवर बसून असतात, मग खुर्च्या येतात, मग पुष्कळदा एका कोपऱ्यात सगळ्यांना जमवून ठेवतात आणि बॅटरीची गाडी आली की नेतात. ज्यांना सगळ्यात जास्त वेळ हवा, त्यांची सुरुवातच सगळ्यांच्या मागून.

युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर मला सांगलीकडचं एक जोडपं भेटलं. काकूंच्या सहावारीखाली कोरे स्पोर्ट्स शूज, काकांच्या गळ्यात कागदपत्रांची पिशवी. मुलानं त्यांना एक कागद करून दिला होता, मोठ्या टाइपात, वर प्लास्टिकचं आवरण घालून. एका बाजूला मराठीत: बाहेर पडल्यावर उजवीकडे, विमानाचं चित्र असलेली पाटी, सरकत्या जिन्यानं वर, गेटचा नंबर. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, कुणालाही दाखवता येईल असं: माझे आईवडील इंग्रजी बोलत नाहीत, कृपया त्यांना या गेटपर्यंत पोचवा. किती मायेनं केलेला कागद होता तो! पण गेट बदललं होतं. दोघं रिकाम्या गेटपाशी शांत बसून होती. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘‘पोरानं लिवलंय न्हवं, मग हितंच असंल.’’

खरं गेट इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही निघालो. पळणं काकूंना जमेना आणि थांबणं परवडेना. ‘‘आमच्यापायी तुमचंबी इमान जायाचं,’’ असं त्या मला दोनदा म्हणाल्या. गेटवर पोचलो तेव्हा त्यांचा हात इतका थरथरत होता की बोर्डिंग पास यंत्रावर धरता येईना. तिथल्या मुलीनं तो हलकेच काढून घेतला आणि लावला. विमान मिळालं. मुलाच्या लेखी कनेक्शन व्यवस्थित झालं असणार, आणि या दोघांनी त्याला वेगळं काही सांगितलं नसणार.

दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं, असं अशा वेळी वाटतंच. पण दार लावणारी माणसं निष्ठुर नसतात. प्रवासी आला नाही तर त्याची बॅगही शोधून उतरवावी लागते, आणि त्या नियमामागं आपलंच एक दुःख आहे. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, 329 माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरहून निघून टोरांटोला विमान बदलून पुढं आली होती. तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवाशाविना बॅग न्यायची नाही, हे आंतरराष्ट्रीय उड्डाणांत पक्कं झालं. दार वेळेवर बंद होतं ते अशा अनेक कारणांनी, आणि ते तसंच व्हावं. सैल हवा तो तिकीट काढणाऱ्याचा हिशेब.

दोन वेगळी तिकिटं घेऊन स्वतःच जोडणी करणं तर वडीलधाऱ्यांच्या बाबतीत करूच नये. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर तिथला थांबाही मोठा हवा. इमिग्रेशन तिथंच, बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, मेतकूट-भाजणीबद्दल कस्टम्सवाल्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, बॅगा पुन्हा सोपवायच्या आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. अबू धाबीमार्गे गेलं तर ही अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकते, म्हणून तिथला थांबा ऐसपैस हवा.

यंदा माझी ताई आणि भाऊजी डॅलसला चाललेत. भाच्यानं फ्रँकफुर्टचा 75 मिनिटांचा थांबा काढला होता. ‘‘मावशी, लीगल कनेक्शन आहे. एकच पीएनआर आहे. चुकलं तर पुढच्या फ्लाइटमध्ये बसवतील.’’ बसवतील, हे खरं. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमाखाली काही प्रवासांना 600 युरोपर्यंत भरपाईसुद्धा मिळते. पण पुढची फ्लाइट दुसऱ्या दिवशी असली तर? ताईकडं अमेरिकेचा व्हिसा आहे, शेंगेनचा नाही. विमानतळाच्या दारापलीकडच्या हॉटेलात जाता येणार नाही; ट्रान्झिटमध्ये खोली मिळाली नाही तर ती रात्र दोघांनी तिथल्या खुर्च्यांवर काढायची. भारतातला नंबर रोमिंगशिवाय मुका झालेला असतो. म्हणजे तिथलं वायफाय जोडता आलं नाही, तर आपण कुठं आहोत हे मुलाला कळवायचीही पंचाईत. भाऊजींच्या रात्रीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत आहेत ना, हे मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं साडेचार तासांच्या थांब्याचं तिकीट काढलं. पैसे थोडे जास्त पडले, प्रवासही सव्वातीन तासांनी लांबला. आता त्या साडेचार तासांत ताई तिच्या चालीनं चालेल, डब्यातल्या दशम्या खाईल, भाऊजी आरामात बाथरूमला जाऊन येतील, आणि गेट बदललं तर बदललेलं गेट शोधतील. परतीचं अजून ठरायचंय. तेव्हा ऑगस्ट असेल, मुंबईत पाऊस असेल, विमान उशिरा उतरलं तरी हरकत नाही. पुढं फक्त पुण्याची गाडी आहे, आणि तो ड्रायव्हर थांबतो.