मॅक्स-एज: एक आठवडा

तर झालं असं. २०१८ साली मी घरच्यांसाठी एक छोटी साइट बनवली. नंदाखालच्या घराचे जुने फोटो, आजीने सांगितलेले कुपारी शब्द, लग्न-बाप्तिस्म्यांच्या तारखा... सगळी साधी एचटीएमएल पानं. गावातल्या घरात नेटवर्क जेमतेम, फोटो रांगत उतरायचे. आजी म्हणायची, "तुझं मशीन दमलं काय रे?"

मग आम्ही इंजिनिअरगिरी दाखवली. १९९७च्या एचटीटीपी १.१ पासून कॅश-कंट्रोल नावाचा हेडर आहे. सर्व्हर त्यातून ब्राउझरला सांगतो, ही फाइल इतके सेकंद जवळ ठेव, तोवर मला विचारू नकोस. मी सरसकट सगळ्या फाइलींना मॅक्स-एज ६,०४,८०० दिलं, म्हणजे पूर्ण आठवडा. दुसऱ्यांदा पान उघडलं की पापणी लवायच्या आत हजर! स्वारी खूश.

२०१९च्या पावसाळ्यात आजी गेली. रात्री पहिल्या पानावर लिहिलं, मिस्सा उद्या दुपारी ४ वाजता, आणि लिंक सगळ्यांना पाठवली. तासाभराने ४ चे ३ झाले. मी पान बदललं, स्वतः रिफ्रेश करून पाहिलं. वेगळा मेसेज कशाला, लिंक आहेच की सगळ्यांकडे.

आजीचे धाकटे भाऊ, आमचे बोरिवलीचे मामाआजोबा, निघताना नातवाकडून लिंक परत उघडून घेऊन आले. फोनने सर्व्हरला विचारलंच नाही, रात्रीचंच पान काढून दाखवलं. विरारहून रिक्षाने ते पोचले तेव्हा आम्ही दफनभूमीतून परत फिरत होतो.

"मी तर चार वाचलं," एवढंच म्हणाले. त्यांना मॅक्स-एज काय समजावणार?

सर्व्हरवरची कॅश पुसता येते, मधल्या सीडीएनवरचीही. लोकांच्या फोनमध्ये गेलेली प्रत मात्र आपल्याला परत बोलावता येत नाही. हे मला पाठ होतं, तरीही!

आता पानांना नो-कॅश आहे. नाव फसवं आहे हां. 'ठेवू नकोस' असा त्याचा अर्थ नाही, 'दाखवण्याआधी विचार' असा आहे. ब्राउझर ईटॅग घेऊन विचारतो, बदल नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ म्हणतो, मजकूर पुन्हा पाठवत नाही. फोटो, फॉन्ट, स्टाइलशीट मात्र बिनधास्त वर्षभर. फाइल बदलली की हॅशमुळे तिचं नावच बदलतं. आजी राजेळी केळ्यांची सुकेळी महिनोन्महिने ठेवायची, मासळी मात्र रोजची रोज. मी दोन्ही एकाच डब्यात भरलं होतं.

पान उघडायला आता किंचित जास्त वेळ लागतो. मामाआजोबांनी त्यानंतर लिंक कधी उघडली नाही. काही असलं की सरळ फोन करून विचारतात.