प्रश्न विचारणाऱ्यांची परिषद



धम्म परिषद आपल्याला माहीत आहे, साहित्य संमेलन माहीत आहे, वधू-वर मेळाव्याच्या जाहिराती तर आपण नेहमीच वाचतो. पण 'विद्यार्थ्यांची गणित परिषद' असे म्हटले की घरातली वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गणिताची परीक्षा असते, शिकवणी असते. परिषद कशाची असते? आम्ही तिघे, दोन मुली आणि एक मुलगा, परंडा तालुक्यातल्या सोनारी गावचे. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आमचे गाव लोकांना ठाऊक आहे. आम्ही एम.एस्सी.ला गणित शिकतो. अशी एक परिषद आम्ही पाहिली आणि नंतर इतर विद्यार्थ्यांना सोबत घेऊन एक परिषद स्वतः भरवली. त्यातून जे हाती लागले ते आपल्या समाजातल्या आईबापांना सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी परिषद म्हणजे काय ते सांगतो. महाविद्यालयातले विद्यार्थी गणितातला एखादा प्रश्न घेतात, त्यावर महिना-दोन महिने डोके चालवतात आणि मग फळ्यासमोर उभे राहून तो इतरांना समजावून देतात. त्यानंतर ऐकणारे प्रश्न विचारतात. येथे गुण नाहीत, पास-नापास नाही. गणितात एखादी गोष्ट खरी ठरते ती सांगणाऱ्याच्या पदवीमुळे किंवा आडनावामुळे नव्हे, तर सिद्धतेमुळे. सिद्धता म्हणजे पायरीपायरीने दिलेला असा पुरावा, ज्यातली एकही पायरी नुसत्या विश्वासावर घ्यावी लागत नाही. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला, तो आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. गणिताच्या फळ्यासमोर तोच उपदेश रोज पाळावा लागतो.

हे झाले तत्त्व. व्यवहार कसा असतो, ते आम्ही एका मोठ्या शहरातल्या परिषदेत पाहिले. नोंदणीची फी, एस.टी.चे भाडे आणि एका रात्रीचा मुक्काम धरला तर आमच्यातल्या एकीच्या आईची कित्येक दिवसांची मजुरी त्यात गेली. व्याख्याने खरोखर चांगली होती, ती ऐकून आमची झोप उडाली. पण सगळा कारभार इंग्रजीत. प्रश्न विचारणारे तेच ते, पुढच्या दोन रांगांतले. मागच्या रांगांत आमच्यासारखी खेड्यापाड्यातून आलेली मुले वहीत उतरवून घेत होती. चहाच्या वेळी आम्ही त्यांच्याशी बोललो, तेव्हा कळले की प्रत्येकाच्या मनात निदान एक प्रश्न होता आणि तो प्रत्येकाने गिळला होता. कोणी त्यांना बोलू नका असे म्हटले नव्हते. पण बोला, असेही कोणी म्हटले नव्हते.

परतीच्या एस.टी.तच ठरले की आपल्या जिल्ह्यात आपण परिषद भरवायची. पैसा कोठून आणणार, अनुभव कोठून आणणार, असे काहींनी विचारले. अनुभव आमच्यापाशी होता! चौदा एप्रिलच्या जयंतीचे काम ज्याने केले आहे त्याला कोणतीही परिषद भरवता येते. पावतीपुस्तक छापायचे, दारोदार फिरून दहा-वीस रुपयांपासून वर्गणी घ्यायची, मंडप, सतरंज्या, माईक, पाणी यांची कामे वाटून द्यायची आणि शेवटी सर्वांसमोर पैन् पैचा हिशेब वाचून दाखवायचा, हे सारे आम्ही लहानपणापासून करत आलो आहोत. एका महाविद्यालयाने दोन दिवसांसाठी सभागृह दिले. खडू-फळा त्यांचा, जेवणाचा शिधा वर्गणीतून.

नियम मात्र आम्ही विचार करून केले. विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची नाही. मराठीत बोललेले चालेल, इंग्रजीतही चालेल आणि दोन्हींची मिसळ केली तरी कोणी हसायचे नाही. परगावच्या मुलींच्या मुक्कामाची सोय आधी, पाहुण्यांच्या हारतुऱ्यांचा विचार नंतर. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की प्रत्येक भाषणानंतर पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, अध्यापकांनी त्यानंतर बोलायचे.

हा शेवटचा नियम एका प्राध्यापकांना खटकला. त्यांना आम्ही राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांची गोष्ट सांगितली. राजाने चर्चेची इच्छा दाखवली तेव्हा नागसेन म्हणाले की पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर करू, राजासारखी करणार असाल तर नको. पंडितांच्या चर्चेत मुद्दा खोडला जातो, चूक दाखवली जाते आणि त्यावर कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत त्याला विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाड्यातल्या गोरगरिबांसाठी महाविद्यालय काढले. पुढे त्याला याच मिलिंदाचे नाव मिळाले. राजा असून प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले की मान्य करणारा, असा तो विद्यार्थी. प्राध्यापक हसले आणि तयार झाले.

आता सोनारीची हकिकत. आमच्यातल्या एकीच्या घरी त्या वेळी स्थळ आले होते. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आई शेतात रोजंदारीला. "दोन दिवस परगावी मुक्काम? आन् तेबी गणितासाठी?" असे वडिलांनी विचारले. त्यांचा राग नव्हता, काळजी होती. तेव्हा आम्ही ठरवले की परिषदेत जे सांगायचे ते आधी गावच्या विहारात, आपल्याच माणसांसमोर सांगायचे. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी वंदना झाल्यावर मुलांच्या अभ्यासवर्गाचा फळा पुढे ओढला.

तिने फळ्यावर एक मोठे वर्तुळ काढले आणि म्हणाली, ही भाकरी. भाकरीच्या काठावर दोन टिंबे दिली आणि रेघेने जोडली, तर दोन तुकडे. तीन टिंबे एकमेकांना जोडली, तर चार तुकडे. चार टिंबांना आठ, पाच टिंबांना सोळा. अट एकच, तीन रेघा एका जागी भेटू द्यायच्या नाहीत. आता सहा टिंबांना किती? पोरेबाळे, म्हातारीकोतारी सगळी एका सुरात म्हणाली, बत्तीस! तिने सहावे टिंब दिले, रेघा ओढल्या आणि एकेक तुकडा मोजायला लावला. एकतीस भरले. पुन्हा मोजले, पुन्हा एकतीस.

विहारात हशा पिकला. पण तिची आई हसली नाही. ती फळ्यापाशी आली, स्वतः बोटाने तुकडे मोजले आणि म्हणाली, "म्हंजी पाच येळा खरं बोललेला सहाव्यांदा खोटा निघतो की. मग कंच्या गोष्टीवर इस्वास ठिवायचा गं?"

बांधवांनो, गणिताचा सगळा अभ्यास या एका प्रश्नावर उभा आहे. पाच वेळा जमले म्हणून सहाव्यांदा जमेलच असे नाही, म्हणूनच सिद्धता लागते. मुलीने आईला तेथेच उत्तर दिले. आधी सबंध भाकरी एक. प्रत्येक रेघ ओढली की एक तुकडा वाढतो आणि ती रेघ वाटेत जितक्या रेघांना छेदते तितके आणखी वाढतात. म्हणून एक, अधिक सगळ्या रेघा, अधिक रेघांच्या सगळ्या भेटी. पाच टिंबांना रेघा दहा आणि भेटी पाच, म्हणून सोळा. सहा टिंबांना रेघा पंधरा आणि भेटीही पंधरा, म्हणून एकतीस. टिंबे शंभर असोत की हजार, हा हिशेब चुकणार नाही, कारण तो मोजून नव्हे तर कारण देऊन केलेला आहे. आई एवढेच म्हणाली, "आता पटलं." वडील काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना निरोप धाडला, पोरीचं शिक्षण होऊ द्या, मग बघू.

परिषद डिसेंबरात झाली. गाळपाचा हंगाम जोरात असताना वडील पाळी बदलून, स्वतःच्या खर्चाने आले आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसले. मुलीने भाकरीचे गणित सांगितले, टाळ्या पडल्या. पण खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक समारोपाचे व्याख्यान देत होते. फळा भरत चालला होता. एका ठिकाणी ते "हे तर उघडच आहे" असे म्हणून पुढे गेले. आमची मैत्रीण उभी राहिली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "सर, हे उघड कसे?"

सभागृह एकदम शांत झाले. सर थांबले, फळ्याकडे वळले, थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे, या पायरीला कारण द्यायला हवे. त्यांनी फळ्याचा अर्धा भाग पुसला आणि पुढची दहा मिनिटे तीच एक पायरी सोडवून दाखवली. त्यानंतर त्या हॉलमध्ये हात वर व्हायचे थांबेनात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले, जी दोन दिवस तोंड मिटून बसली होती, ती बोलू लागली. एस.टी.त बसल्यावर वडिलांनी मुलीला विचारले, "तुला भ्या न्हाई वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना, बाबा. पण समजलं नव्हतं, त्याचं जास्त वाटलं."

अशा मंडळांचा आणि परिषदांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. भारतीय गणित परिषद ही संस्था १९०७ साली सुरू झाली. ती सुरू करणारे व्ही. रामस्वामी अय्यर हे प्राध्यापक नव्हते, महसूल खात्यात डेप्युटी कलेक्टर होते. गणिताची आवड असणारी थोडी माणसे वर्गणी काढून एकत्र आली, परदेशी नियतकालिके मागवून ती टपालाने एकमेकांकडे फिरवू लागली. पुढे श्रीनिवास रामानुजन नावाचा एक गरीब तरुण कारकुनाची नोकरी मागायला याच अय्यरांकडे आला. त्यांनी त्याची वही पाहिली आणि त्याला गणितातल्या आपल्या मित्रांकडे पाठवले. १९११ साली त्याचा पहिला शोधनिबंध याच संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. पुढचे जगाला माहीत आहे. रामानुजन खिशाने गरीब होते, पण जन्माने ब्राह्मण होते. त्यांना वही दाखवायला माणसे तरी मिळाली. त्याच काळात आपल्या पूर्वजांच्या मुलांना शाळेच्या दाराबाहेर बसवले जात होते. त्यांच्यात किती रामानुजन होते हे कोण सांगणार? त्यांच्या हाती वहीच आली नाही.

आज वही आहे. आपला जिल्हा एकेकाळी ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबाद शहरात ऑगस्ट २०१० मध्ये जगभरच्या गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात ती प्रथमच भरत होती. १९९३ पासून प्रा. एस. कुमारेसन यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यातली गणित प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. त्यांत पाठांतर नाही, प्रश्न विचारून विचारून विद्यार्थ्यालाच विचार करायला लावतात. अर्ज करावा लागतो, निवड होते. आपल्या मुलांना या गोष्टींची खबरच नसते, म्हणून अर्ज जात नाही.

आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्याच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव आहे. ते नाव सहज लागलेले नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या वर्षांत आपली घरे जळाली, पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. त्या कमानीखालून आत गेलेला आपला मुलगा, आपली मुलगी वर्गात मान खाली घालून बसणार असेल, तर त्या शहिदांना काय सांगायचे? नाव मिळवण्याची लढाई आपल्या वडिलांनी लढली. वर्गात हात वर करण्याची लढाई आपल्याला लढायची आहे. तिला लाठी लागत नाही, पण छाती लागते.

म्हणून प्रत्येक विहाराला आमची विनंती आहे. भिंतीला एक फळा लावा. महिन्यातून एका रविवारी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या फळ्यासमोर उभे करा आणि जे शिकले ते मराठीत, घरच्या भाषेत सांगायला लावा. आयाबहिणींनी पुढे बसावे, मागे नव्हे. समजले नाही तर "समजलं नाही" म्हणावे. त्याने मुलाचा अपमान होत नाही, त्याचा पाया पक्का होतो. एकदम मोठे काही होणार नाही. त्रिपिटकात गणक मोग्गल्लान नावाच्या हिशेबनिसाचे सुत्त आहे. तो भगवंतांना सांगतो की शिष्याला आम्ही आधी एक मोजायला शिकवतो, मग दोन, मग तीन, असे करत शंभरापर्यंत नेतो. भगवंत म्हणतात, माझ्या धम्मातही असेच क्रमाक्रमाने शिकणे आहे. आपणही तसेच जाऊ.

पुढच्या परिषदेसाठी वर्गणीचे पावतीपुस्तक आम्ही पुन्हा छापून घेतले आहे. विहारातल्या त्या फळ्यावर आता सात टिंबांची भाकरी काढलेली आहे. तिचे तुकडे किती, हे वाचकांनी आपल्या मुलांबरोबर बसून काढावे. उत्तर आम्ही सांगत नाही, ते कारणासह काढायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!