शेंगा फोडायला दोन्ही हात लागतात

मांजरसुंबा अजून आठ-दहा किलोमीटर होतं. आई म्हणाली, "थांबीव बाबा. मला उतरू दे."

घरापासून ती एका हातानं वरची दांडी धरून बसली होती. दुसऱ्या हाताचा पंजा सीटवर टेकवून प्रत्येक खड्ड्याआधी ती स्वतःला इंचभर उचलून घ्यायची. मी हे पाटोद्यातच पाहिलं होतं, पण पोचू तासाभरात, असं म्हणून चालवत राहिलो. उतरल्यावर ती दरवाजा धरून बराच वेळ वाकून उभी राहिली. मागून बीडची एसटी आली. तिनं हात केला आणि चढून मधल्या बाकावर बसली. मागचं बाक रिकामं होतं, पण "मागं बसलं की उडतंय" हे तिला ठाऊक. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध धक्का सगळ्यात कमी लागतो, हे गणित मी आयटीआयमध्ये शिकलो. ती प्रवास करून शिकली होती. हाडांच्या डॉक्टरकडे आम्ही असे पोचलो, एसटी पुढं आणि माझी गाडी मागं.

आई सतरा गळीत हंगाम ऊसतोडीला गेली. दसरा झाला की ट्रक भरायचा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर खोप उभी करायची. दिवसभर तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनात चढायचं. तिच्या कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी झिजली आहे, हे बीडच्या डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. तिच्या ऊसतोडीच्या पैशावर मी शिकलो, भोसरीत कामाला लागलो आणि दहा वर्षांनी हौसेची गाडी घेतली. तीच तिला सोसली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी अबार्थ पुंटो. २०१५ साली आलेली, आमच्या पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावला बनलेली. इंजिन १.४ लिटरचं, टर्बोचं, १४५ हॉर्सपॉवरचं. नाकावर विंचू आहे, कारण कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक. जमिनीपासून मुळातच १५५ मिलिमीटर उंच, म्हणजे आपल्याकडच्या मानानं ठेंगणीच. मी ती जुनी घेतली तेव्हा आधीच्या मालकानं ती आणखी बसकी केली होती. मूळच्या स्प्रिंग काढून आखूड आणि ताठ स्प्रिंग टाकलेल्या, १६ इंची चाकांच्या जागी १७ इंची. मला ते रूप आवडलं होतं, हे कबूल करतो. एक्स्प्रेस-वेवर ती रुळावर धावल्यासारखी जायची.

पहिला इलाज मी चुकीचा केला. शॉकअप गेले असतील असं धरून आणखी कडक, 'स्पोर्ट' म्हणून विकले जाणारे शॉकअप बसवले. पुढच्या फेरीत जामखेडपासून घरापर्यंत माझीच पाठ भरून आली.

मग गाडी बीडमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचं सगळं आयुष्य जीप आणि टेम्पोचे पाटे भरण्यात गेलेलं. असली गाडी त्यांनी कधी उघडली नव्हती. त्यांनी बोनेटवर दोन्ही हात ठेवून जोर दिला आणि सोडला. गाडी जेमतेम हलली. "मामा, शॉकअप नवे आहेत," मी म्हणालो. ते म्हणाले, "असतील. पण हिला खाली जायला जागाच कुठंय?"

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आम्ही मागच्या शॉकअपचं रबरी बूट वर सरकवलं आणि चकचकीत रॉडवर प्लास्टिकची एक केबल टाय घट्ट बांधून तळाशी ढकलली. पाटोद्याच्या वाटेवर दहा किलोमीटर जाऊन परत आलो. टाय वर सरकत जाऊन रॉडच्या टोकाच्या रबरी ठोकळ्याला चिकटली होती. ठोकळ्याची खालची कड चावल्यासारखी फाटलेली. म्हणजे खड्ड्यात स्प्रिंग दबून सगळा प्रवास संपायचा आणि गाडीचं वजन थेट त्या ठोकळ्यावर आदळायचं. आईच्या मणक्यात घुसत होता तो हा घाव. मी इतके दिवस स्प्रिंगला शिव्या देत होतो, पण स्प्रिंगला तिचं काम करायला दोन बोटं जागा राहिली नव्हती.

मऊ म्हणजे आरामदायी, हीही माझी समजूत मिस्त्रींनी मोडली. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप त्याची तेलात उष्णता करून टाकतो. स्प्रिंग नुसती मऊ केली आणि शॉकअप ढिला राहिला, तर काळ्या मातीवरच्या लाटा पडलेल्या डांबरी रस्त्यावर गाडी होडीसारखी झुलते आणि पोटात ढवळतं. गाडीनं सेकंदाला एक-दीड वेळा संथ खालीवर व्हावं, ते शरीराला झेपतं. बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा बसणाऱ्या उभ्या हिसक्यांचा. ताठ स्प्रिंग, कडक शॉकअप आणि पातळ टायर मिळून नेमके हेच हिसके वर पाठवत होते.

आधीच्या मालकाला फोन केला. मूळच्या चारही स्प्रिंग आणि १६ इंची चाकं त्यानं बारदानात बांधून माळ्यावर ठेवली होती. जाऊन घेऊन आलो. शॉकअप मूळ मापाचे, ठोकळे आणि वरचे माउंट नवे. १७ इंची चाकावर २०५/४५ टायर होता, त्याची भिंत ९२ मिलिमीटर. १६ इंचीवरच्या १९५/५५ ची १०७. बोटभर हवा वाढली, आणि खडीवर ती बोटभर हवाच कामाला येते. आई ज्या टायरगाडीत बसून फडावरून कारखान्याला जायची, तिला तर स्प्रिंग नव्हतीच. होती ती टायरमधली हवा आणि बुडाखाली वाढ्याचा थर.

मिस्त्रींची एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. सगळं बसवून झाल्यावर त्यांनी खालच्या आर्मचे आणि मागच्या दांड्याचे बोल्ट आवळले नाहीत. गाडी जॅकवरून उतरवली, चाकांवर उभी केली, मला आत बसवलं, मग स्वतः खड्ड्यात उतरून पाना लावला. गाडी लटकत असताना बुश आवळला तर त्यातलं रबर पिळलेलंच राहतं आणि उभी राहिल्यावरही ओढ घेत बसतं. मोठमोठ्या वर्कशॉपमध्ये ही घाई होताना मी पाहिली आहे. त्यांनी ते काम संध्याकाळपर्यंत केलं.

घाटातल्या वळणावर गाडी आता थोडी कलते, स्टीअरिंगला पूर्वीचा तडफदारपणा नाही. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

दिवाळीनंतर आईला पुन्हा दाखवायचं होतं. ती मागं न बसता माझ्या शेजारी बसली, पुढच्या चाकापासून जरा दूर राहावं म्हणून मी सीट मागं सरकवली. घरासमोरच्या खडीच्या रस्त्यावर हात दांडीवरच होता. पाटोदा मागं पडलं. जिथं तिनं मला थांबवलं होतं ती जागा आली, मी वेग कमी केला. ती काही बोलली नाही. तिनं पदराची गाठ सोडली, भुईमुगाच्या शेंगा मांडीवर घेतल्या आणि फोडायला लागली.

मांजरसुंब्याच्या अलीकडं पुलाच्या जोडावर मागून डावीकडं एक ठोका आला. शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, "हितं अजून लागतंय बघ." बीडला तिची तपासणी चालली होती तेवढ्यात मी गाडी मिस्त्रींकडे नेली. डावा ठोकळा किंचित तिरका बसला होता.